आमची मजुरी धरून

आमच्या घरात इंजिनिअरिंगचं अर्थशास्त्र शिरलं ते सुनेच्या मागोमाग. सून खामगावला कॉलेजात शिकवते. सकाळच्या एसटीनं जाते, संध्याकाळी येते. नवीन लागली होती तेव्हा तिला वर्गात उभं राहायची फार धाकधूक. पोरं उंच उंच, मागच्या बाकांवरून काहीबाही बोलणारी. म्हणून दुसऱ्या दिवशीचा तास ती आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात घेऊन पाहायची. ती वरणाला फोडणी देत बोलायची, मी भाकरी थापत ऐकायची. वर्गात विद्यार्थी कोण, तर मी एकटी.

मी शाळेत सातवीपर्यंत गेले. त्यापुढचं जे काही आलं ते आपलं आपण. मुलांची पुस्तकं मुलांच्या आधी मीच वाचून काढायची आणि त्यांना सांगायची, बाबा रे, तिसरा धडा चांगला आहे, दुसरा झोप आणतो. तेव्हा सुनेचा तास ऐकायला मला काही कंटाळा नव्हता. उलट बरं वाटायचं, की या वयात कोणी मला समोर बसवून शिकवतं आहे.

पहिल्याच तासाला ती म्हणाली, "आई, समजा एका नाल्यावर पूल बांधायचा आहे. एक पूल स्वस्तात होतो, पण दर दोन वर्षांनी त्याची डागडुजी. दुसरा महाग पडतो, पण वीस वर्षं त्याच्याकडे बघायलाच नको. कोणता बांधायचा?"

मी विचारलं, "पैसे कोणाचे लागून राह्यले?"

ती इतकी हसली की फोडणीतला लसूण काळा झाला. "आई, हाच तर पहिला प्रश्न आहे. पैसे कोणाचे, फायदा कोणाचा, आणि किती वर्षांचं बघायचं. पुढचं सगळं पुस्तक म्हणजे याचंच उत्तर."

असं रोज थोडं थोडं. यंत्राची किंमत म्हणजे फक्त विकत घ्यायची किंमत नाही. ते चालवायला काय लागतं, दुरुस्तीला काय लागतं, किती वर्षं टिकतं, मोडीत काढलं तर काय येतं, हे सगळं मिळून यंत्राची किंमत. मी म्हटलं, हे तर म्हशीचं बी असंच असते. ती म्हणाली, अगदी तसंच.

एके दिवशी मात्र ती अडली. "आजचा रुपया आणि पुढं कधी मिळणारा रुपया सारखा नसतो, हे पोरांच्या गळी कसं उतरवू? सूत्र फळ्यावर लिहिलं की जांभया देतात."

"त्यात उतरवायचं काय? भिशी नाही पाह्यली का त्यायनं?"

आमच्याकडे लिलावाची भिशी असते. बारा जणी, दर महिन्याला हजार हजार, म्हणजे बारा हजाराची रक्कम. जिला आधी पाहिजे ती सांगते, मी इतके कमी घेतो पण मले द्या. त्या वर्षी पहिला नंबर साडेदहा हजाराला गेला होता. जी शेवटपर्यंत थांबली तिला वर्ष भरून पूर्ण बारा मिळाले.

"म्हणजे पाहा," मी सुनेला म्हटलं, "वर्षानं येणारे बारा हजार आज साडेदहाच्याच किमतीचे झाले का नाही?"

तिनं पळी खाली ठेवली, फोनवर काहीतरी गुणाकार-भागाकार केला. "आई, हा दर शेकडा चौदाच्याही वर जातो. मी पुस्तकातला दहा धरत होते."

"पुस्तकातले लोक भिशी लावत नसतीन बाप्पा."

दुसऱ्या दिवशी तिनं भिशी वर्गात नेली. मागच्या बाकांवरची उंच पोरंही सरळ बसली म्हणे, कारण प्रत्येकाची आई कुठं ना कुठं भिशीत होतीच. त्या संध्याकाळी ती एसटीतून उतरली ती हातात भज्यांचा पुडा घेऊन. "तुमची फी," म्हणाली.

आता आमच्या गटाचं सांगते.

पिंपळगाव राजात आमचा बायकांचा बचत गट आहे. आम्ही चौदा जणी. दर महिन्याला थोडं थोडं टाकत कितीतरी वर्षांत जमलेली रक्कम बँकेत पडून होती. घरातल्या कोणाच्या खिशातून मागितलेले पैसे नव्हते ते. कोणी शिवणाचे टाकले, कोणी दुधाचे, कोणी कापूस वेचणीचे. या पैशांतून दाल मिल घ्यायची असं ठरत आलं होतं. आमच्या भागात तूर अमाप, आणि घरोघरी वर्षाची डाळ करून ठेवायची रीत. लोकांनी आपली तूर आणायची, आम्ही दळायचे पैसे घेऊन डाळ करून द्यायची. मिल चालली तर चौदा घरांना आधार होणार होता. आणि बंद पडली असती तर? पैसे गेले असते ते गेलेच असते, पण चौदाही घरांत कोणा बाईनं पुन्हा "धंदा" असा शब्द काढला असता तर समोरून नुसतं हसू आलं असतं. गटही मोडला असता. आणि खरं सांगते, कोणाची सासू म्हणून नाही, कोणाची बायको म्हणून नाही, फक्त मी म्हणून बसते अशी जगात एकच सतरंजी आहे, ती गटाची. ती गुंडाळली जाऊ नये एवढंच माझ्या मनात होतं.

आमच्या अध्यक्षबाई म्हणजे आवाजानं आणि मनानं दोन्ही मोठ्या. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, मला काकू म्हणतात, पण सभेत माझ्यावरही ओरडतात. त्यांच्या माहेरच्या गटानं मोठी दाल मिल घेतली होती. भाऊबीजेला गेल्या आणि पाहून आल्या. तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांसमोर तीच.

एक मशीनवाला त्यांनीच बोलावला. इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. मोठी मिल सहा लाखांची, त्यातले निम्मे पैसे सबसिडीतून, निम्मे आमचे. सोबत छापील प्रोजेक्ट रिपोर्ट, वर गणपती, आत रंगीत चित्र. शेवटच्या पानावर वर्षाचा नफा दोन लाख.

"दीड वर्षात पैसे वसूल, ताई," तो म्हणाला. "त्यानंतर सगळी मलई."

छोटी मिलही त्याच्याकडे होती, नव्वद हजारांची. तिच्याकडे त्यानं बोट पण केलं नाही. सबसिडी फक्त मोठीवर होती.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "अर्धे पैसे फुकट भेटून राह्यले. अजून काय पाह्यजे? येत्या बैठकीत सह्या करून टाकू."

मी म्हटलं, कागद मले एक दिवस घरी नेऊ द्या.

"न्या ना काकू. वाचून कंटाळसान."

कंटाळले तर नाहीच. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर बसून चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. विजेचा खर्च होता. तेल होतं, पोती होती. आणि मजुरीच्या रकान्यात काय होतं, तर शून्य. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, सभासद महिलांचे श्रमदान.

मी तो रकाना कितीतरी वेळ पाहत बसले. तूर म्हणजे काय एकदा मशीनमध्ये ओतली की डाळ होऊन पडते, असं नसतं. आधी मिलमधून एकदा नुसती खरवडून घ्यायची. मग तेल-पाण्याचा हात द्यायचा. रात्रभर ढिगात झाकून ठेवायची. मग दोन-तीन दिवस ऊन दाखवायचं, सारखी पायानं वर-खाली करायची, संध्याकाळी गोळा करायची, सकाळी पुन्हा पसरायची. तेव्हा कुठं साल सुटतं. यातलं मशीनचं काम थोडं, बाकी सगळं बायकांच्या कंबरेचं. आणि ते सगळं काम त्या कागदावर शून्य किमतीचं होतं.

यात त्या माणसाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्यानं आमच्या अध्यक्षबाईंना विचारलं होतं, मजूर किती लावणार? आणि त्या म्हणाल्या होत्या, मजूर कायले, आमी घरच्याच तं आहो! आम्ही चौदाही जणींनी माना हलवल्या होत्या. मीही हलवली होती. घरी डाळ करताना कोणी मजुरी मोजते का? तीच सवय आम्ही धंद्यात घेऊन चाललो होतो.

संध्याकाळी सून आली. तिनं चहा घेता घेता रिपोर्ट चाळला. "आई, यात आणखी एक आहे. मिल वर्षातले तीनशे दिवस, रोज आठ तास चालणार असं धरलंय."

आमचे हे तिथंच बसून चहात पाव बुडवत होते. खामगावला जिनिंगमध्ये उभा जन्म घातलेला माणूस. ते वर न पाहताच म्हणाले, "तीनशे दिवस? जिनिंगले एवढा कापूस येते, तरी चार महिने चालते अन् मंग कुलूप. तूर काय बारा महिने पिकते काय?"

"मग तुमी तवाच काऊन नाही बोलले?"

"मले कोणी विचारलं? बायायची मिल आहे म्हणे."

सून मोठ्यानं हसली आणि पदर खोचून वही घेऊन बसली. म्हणजे पदर हा आपला माझा शब्द, तिची ओढणीच. "आई, आता आपण तास घेऊ. मोठी मिल आणि छोटी मिल. दोघींना एकाच मापानं मोजायचं. किती दिवस चालेल, ते आधी."

मी म्हटलं, "दिवस नंतर. आधी ऊन मोज."

"ऊन?"

"मिल किती दळते ते हा सांगून राह्यला. पण वाळलेली तूर किती भेटणार, ते कोण सांगन?"

मग रविवारी आम्ही सासू-सुना टेप घेऊन निघालो. आमचा स्लॅब मोजला. शेजारच्या आपांचा स्लॅब मोजला. समाज मंदिरासमोरचा मोठा ओटा मोजला. गावातली दोन माणसं थांबून विचारायला लागली, काय हो, रस्ता रुंद होऊन राह्यला काय? मी म्हटलं हो, तुमच्या घरातून. गेले निमूट.

आपा म्हणजे आमच्या गल्लीच्या आपा. गटात आमच्याच सोबतच्या. त्यांच्या मालकांचं वेल्डिंगचं दुकान आहे. आम्ही स्लॅब मोजत असताना त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "भाभी, मशीनचे रोल घिसते ना. उसका खर्चा लिखा क्या कागदावर?"

"नाही लिहिला."

"बेल्टचा?"

"तोही नाही."

"या अल्ला. मंग ती मशीन हाय का दुल्हन? काही घिसतच नाही तिचं!" घरात आवाज देऊन त्यांनी मालकांना विचारलं आणि रोल किती वर्षांनी बदलावे लागतात, काय पडतात, तेही आमच्या वहीत आलं.

हिशोब असा निघाला. तिन्ही जागा मिळून आम्ही रोजची दोन क्विंटल तूर वाळवू शकणार होतो. त्याहून दाणा जास्त नाही, कारण ऊन वाढवता येत नाही. एवढी तूर मोठी मिल तासा-दीड तासात फस्त करून तोंड वासून बसणार होती. छोटी मिल तीच तूर दुपारपर्यंत सावकाश करणार होती. म्हणजे डाळ दोघींची तेवढीच, उत्पन्न तेवढंच, आणि पैसे एकीचे आमच्या खिशातून तीन लाख, दुसरीचे नव्वद हजार.

मग सुनेनं मजुरीचा रकाना काढला. "काय दर लावू, आई?"

मी म्हटलं, "शेतात निंदणाले जो भेटते तो."

तिनं आकडा भरला, मिलच्या किमतीचा दर वर्षाचा वाटाही वजा केला. मोठ्या मिलचा नफा उन्हात ठेवलेल्या बर्फासारखा गेला. छोटीचा कमी झाला, पण टिकला. मी स्वतः दोनदा बेरीज करून पाहिली. आता हे सगळं अध्यक्षबाईंना सांगायचं होतं.

बैठक भरली. मशीनवाला पेन काढूनच आला होता. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, ऊन, रोल, चार महिने. बायका ऐकत होत्या. मजुरीवर आले आणि एकदम कलकलाट झाला.

"काकू, घरच्या कामाचे पैसे कायले धरता?" एक म्हणाली.

दुसरी म्हणाली, "आपल्याच मिलमंदी आपणच मजूर? लोक हासतीन."

अध्यक्षबाई तर उठूनच उभ्या राहिल्या. "आमी मालकीण व्हायले निघालो, अन् काकूनं आमाले मजूर करून टाकलं!"

"मालकीण बी व्हा," मी म्हटलं, "पण मालकिणीची कंबर फुकटची आहे काय? तुमी दिवसभर तूर पसरली, त्या दिवशी निंदणाले गेल्या असत्या तं हातात पैसे आले असते. ते सोडून तुमी इथं आल्या. मंग ते पैसे गेले ना कुठं तरी? मजुरी बी घ्या, वर नफा उरला तं तो बी घ्या. अन् मजुरी देऊन काही उरतच नसन, तं तो धंदा नाही, तो आपल्या अंगावरचा भार आहे."

"रोडवर वाळू घालू तूर. जागा कमी पडणारच नाही."

"घाला. ट्रकच्या टायरखालची डाळ कोणाच्या घरी शिजन? एकदा दातात खडा आला तं गिऱ्हाईक परत येते काय?"

मशीनवाला मध्येच गोड आवाजात म्हणाला, "पण ताई, अर्धे पैसे सबसिडीचे आहेत. असा चान्स पुन्हा नाही."

मी त्याला म्हटलं, "भाऊ, तुमच्या घरी माणसं किती?"

"पाच."

"शंभर पानांच्या स्वयंपाकाचा गंज, एवढं मोठं पातेलं, अर्ध्या भावात भेटलं तं घेसान काय? ठेवसान कुठं? अन् रोज घासन कोण?"

आपा पदर तोंडाशी धरून हसल्या. तोही हसला, माणूस वाईट नव्हता. पण अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांच्या माहेरची मिल डोळ्यांपुढं होती. "पाच-सहा वर्षांत तूर वाढन, गिऱ्हाईक वाढन. तवा नफा येईनच ना? मोठी मिल तवा कामात पडन."

इथं मला माहीत होतं काय बोलायचं. साडेदहा हजाराला पहिला नंबर उचलणारी बाई कोण होती, तर अध्यक्षबाईच. लेकीची फी भरायची होती, म्हणून दीड हजार सोडून दिले होते त्यांनी, आणि बरोबरच केलं होतं.

मी शांतपणे विचारलं, "बाई, तुमी भिशीत दीड हजार काऊन सोडले?"

"पैसे तवाच पाह्यजे होते म्हणून."

"वर्षभर थांबल्या असत्या तं पूर्ण बारा भेटत होते."

"फी काय वर्षभर थांबते काय?"

"बस. तोच दर म्या या मिलले लावला. वर्षानं येणाऱ्या शंभराचे आज साडेसत्त्याऐंशी. अन् पाच वर्षांनी येणाऱ्या शंभराचे..." मी सुनेनं लिहून दिलेला कागद पुढं केला.

अध्यक्षबाईंनी कागद घेतला. बोट ठेवून वाचला. "एक्कावन्न?"

"एक्कावन्न."

"म्हणजे निम्मेच?"

"तुमच्याच दरानं."

अध्यक्षबाईंनी पुन्हा कागदाकडे पाहिलं, मग मशीनवाल्याकडे, मग माझ्याकडे. आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. "अवो काकू, माह्याच भिशीनं माह्या मिलचा गळा धरला नं!" आणि त्या हसायला लागल्या त्या थांबेचनात. त्या हसल्या म्हणून सगळ्या हसल्या. मशीनवाल्यानं पेन खिशात ठेवलं आणि छोट्या मिलचा कागद काढला. मी सांगितलं ना, माणूस वाईट नव्हता.

ठराव असा झाला. छोटी मिल घ्यायची. जी जितके दिवस काम करील तिला तितक्या दिवसांची मजुरी, निंदणाच्या दरानं, दर आठवड्याला. अध्यक्षबाईंनी एकच अट घातली. मजुरी द्यायला पैसे पुरले नाहीत तर काकूनं सगळ्यांसमोर कबूल करायचं की मोठी मिल बरी होती. मी हो म्हटलं. घरी येऊन मात्र वही काढून बेरीज तिसऱ्यांदा तपासली.

पहिल्याच हंगामात आभाळ आलं. फेब्रुवारीत, ऐन पसरलेली तूर आणि वरून ढग. तीन दिवस सगळ्या मिळून ताडपत्र्या ओढत बसलो. मिल बंद. त्या आठवड्याची मजुरी द्यायची होती, कारण ताडपत्री ओढणंही कामच. अध्यक्षबाई माझ्याकडे भुवया उंचावून पाहायच्या, काय काकू? मी म्हणायची, ऊन येते.

ऊन आलं. आणि सोबत आणखी एक आलं, जे मी हिशोबात धरलंच नव्हतं. डाळ करताना चुनी निघते, तुकडे आणि भुकटी. आमच्याकडे ज्याची तूर त्याची चुनी, अशी पहिल्यापासून रीत. ती परत द्यायची म्हणून मी तिचं उत्पन्न शून्य धरलं होतं. पण आता कितीतरी घरी गुरं राहिली नाहीत. लोक म्हणायला लागले, चुनी ठेवून घ्या, दळायचे पैसे जरा कमी करा. आम्ही कमी केले, आणि चुनी दूधवाल्यांनी हातोहात नेली.

सुनेनं मला चिडवलं. "आई, शून्याच्या रकान्यावरून सगळ्या गावाला धडा दिलात, आणि स्वतःच एक शून्य सोडलंत."

"ते आपल्या बाजूचं शून्य होतं," मी म्हटलं. "ते सुटलं तं बरंच."

हंगाम संपला तेव्हा प्रत्येकीची मजुरी दिली गेली होती. एकही आठवडा चुकला नाही. वीज, तेल, बेल्ट गेला, रोलसाठी पैसे बाजूला पडले, आणि वर उरले. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी मिलचे नव्वद हजार पूर्ण परत आले, भिशीच्या दरानं धरून. सुनेनं आकडा सांगितला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एक गिरकी घेतली. आमचे हे दारातून पाहून म्हणाले, "काय झालं वो?" मी म्हटलं, "मशीन फुकटात पडली, आता बोला." ते म्हणाले, "जिनिंगवाल्यानं सांगितलं म्हणून पडली." असू द्या. तेवढा वाटा त्यांचा.

पण खरी गंमत मजुरीची झाली. पहिल्या आठवड्याला पैसे हातात पडले तेव्हा जी बाई "घरच्या कामाचे पैसे कायले" म्हणाली होती, तिनं नोटा दोनदा मोजल्या आणि पदराला गाठ मारली. दुसऱ्या दिवशी घरी तिला नवऱ्यानं म्हटलं, आज मिलवर जाऊ नको, पाहुणे येऊन राह्यले. ती म्हणाली, जातो, माही मजुरी बुडते. ही गोष्ट तिनंच आम्हाला येऊन सांगितली, हातवारे करत, नक्कल करत. "मजुरी बुडते म्हटलं तं गप बसला. काम बुडते म्हटलं असतं तं ऐकला नसता!" ओट्यावर तूर पसरताना आम्ही इतक्या हसलो की तुरीवरून पाय घसरले.

आता हे यंदाचं.

परवा सकाळी मी अंगणात हरभऱ्याची भाजी खुडत बसले होते. अध्यक्षबाई आल्या. हातात चार कागद, आणि तोंडावर असं, जसं काही लेकीचं लग्न ठरलं आहे. सून एसटीला निघायच्या तयारीत होती, तिलाही बसवून घेतलं.

"काकू, मोठी मिल घ्यायची."

मी भाजी खाली ठेवली. "पुन्हा?"

"आता विचारा काय विचारायचं ते."

"ऊन?"

"ऊन धरलं. दोन नव्या घरायचे स्लॅब झाले, त्यायनं हो म्हटलं. अन् प्लास्टिकचं सोलर वाळवण करायचं आहे, त्याची किंमत बी धरली. आता ढगात बी वाळते."

"महिने?"

"तूर चार महिने. अन् पाठोपाठ हरभऱ्याची डाळ. बेसनवाले मांगून राह्यले."

"रोल? बेल्ट?"

"आपाच्या मालकाले विचारलं. लिहिलं इथं."

"जुनी मिल?"

"खेड्यातला एक गट घेते म्हणून राह्यला. ते पैसे बी धरले, कमीच धरले."

"सबसिडी?"

"नाहीच धरली. भेटली तं भेटली. तिच्याबिगर जमते का, ते पाह्यलं."

माझ्याकडे विचारायला फारसं उरलं नव्हतं. तरी मी म्हातारी, मला धीर होईना. चांगलं चाललेलं आहे, कशाला हात लावायचा, असं मनात. "दर कोणता लावला?" मी विचारलं.

"यंदाच्या भिशीचा. यंदा नंबर जरा महागच गेला. तरी जमते."

सुनेनं कागद घेतले होते. तिनं उभ्यानंच एकेक आकडा तपासला. एसटीची वेळ झाली तरी हलेना. शेवटी मान वर केली. "आई, मला तरी चूक सापडत नाही."

मग मी शेवटचा प्रश्न विचारला. "अन् मजुरी?"

अध्यक्षबाई त्याचीच वाट पाहत होत्या. त्यांनी दुसरा कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. चौदा जणी, प्रत्येकीचे दिवस, प्रत्येकीचा दर, आणि दर निंदणाच्या दराहून वर. माझ्यासमोरही रक्कम लिहिली होती. मी तर आता तूर पसरत नाही, गुडघे ऐकत नाहीत, नुसती ओट्यावर बसून सूचना करते.

"मले कायची मजुरी? मी तं नुसती बसून बोलतो."

"मंग? ते काम नाही काय?" अध्यक्षबाईंनी हात कमरेवर ठेवले. "तुमीच सांगितलं ना, कोणाचंच शून्य धरायचं नाही. आता काऊन गप झाल्या काकू? करा सही."

मी ओले हात पदराला पुसले आणि पहिली सही केली.